नानांची सतरावी ओळ

तारीख एकोणीस, गुरुवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या कॅमेरा-दुरुस्तीच्या दुकानात हजर: मी, कागद सांभाळणारी; नानांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, आणि रिमोट बदलून घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक. गैरहजर: आमचे दोन फिटर, भुसावळला कामावर, आणि दुकानाचे मालक नाना. ही वेळ माझ्या वहीत आहे, कारण फोन वाजला की आधी वेळ लिहायची आणि मग बोलायचं, ही माझी जुनी सवय. फोन एका एसटी कंडक्टरचा होता. "ताई, हा नंबर एका बाबांच्या पिशवीवर दोऱ्यानं शिवलेला आहे," तो म्हणाला. "शिंदखेड्याहून बसले होते. अमळनेर आलं तरी उठत नाहीत. मांडीवर कसली तरी जड पेटी आहे, तिच्यावरचा हात निघत नाही..." मी विचारलं, "झोप लागलीय का त्यांना?" पलीकडे इंजिनाचा आवाज चालू होता. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "तुम्ही घरच्या आहात का?"

अक्का माझ्याच तोंडाकडे बघत होत्या. समोर त्यांनी आणलेला डबा होता, त्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. दर गुरुवारी नाना चारच्या सुमाराला परत यायचे आणि दुकानातच जेवायचे. मी फोन ठेवला आणि पॅड पुढे ओढून लिहायला लागले: फिटरना माघारी बोलावणे, गाडी सांगणे, अमळनेरच्या दवाखान्यात कोण ओळखीचं आहे ते बघणे, नानांच्या मुलीला पुण्याला कळवणे. चार कामं लिहून झाल्यावर लक्षात आलं की अक्कांना सांगणे हे काम यादीत नव्हतंच. ते मला सांगावं लागलं नाही. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "चल."

नारायण बोरसे हे त्यांचं नाव. गाव शिंदखेड्याच्या बाजूचं, राहायला निम्मं आयुष्य जळगावात. पण त्यांना नाना सोडून दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. तरुणपणी ते एका टेकडीवरच्या टीव्हीच्या प्रक्षेपण केंद्रात तंत्रज्ञ होते. खाली गावात लोक ज्या वेळी कार्यक्रम बघत, त्या वेळी नाना वर बसून कार्यक्रमाच्या वरची ओळ बघत. हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं, ते इथे सांगते, कारण पुढचं सगळं त्या ओळीवर आहे. जुन्या पद्धतीच्या टीव्हीचं चित्र एकाखाली एक अशा बारीक ओळींनी बनतं. सर्वांत वरच्या वीसबावीस ओळींत चित्र नसतंच. खालून पुन्हा वर जायला यंत्राला जो क्षण लागतो, त्या क्षणात त्या कोऱ्या निघून जातात आणि पडद्याच्या काठामागे लपतात. या कोऱ्या ओळींतल्या एकदोन ओळींत मुद्दाम चाचणीच्या खुणा टाकून पाठवतात. आधी एक पांढरी पट्टी, तिची उंची ठरलेली. मग बारीक रेघांचा झुपका, आधी विरळ, मग दाट, मग आणखी दाट. पाठवताना त्या कशा होत्या हे माहीत असतं. पोचल्यावर शंभरातल्या किती उरल्या ते मोजायचं. जे कमी झालं, ते वाटेनं खाल्लं. "लांबून पाहुणा आला तर तो किती दमलाय हे त्याला विचारू नये, तो म्हणेल काही नाही," नाना सांगायचे. "त्याच्या चपला बघाव्या."

निवृत्तीनंतर त्यांनी पिंप्राळ्यात दुकान टाकलं. मी तिथे चौदा वर्षांपूर्वी फोन घ्यायला म्हणून लागले आणि दोन महिन्यांत सगळे कागद माझ्याकडे आले. तेव्हा जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या, कपाशीची सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलमध्ये कॅमेरे बसवायचं काम जोरात होतं. कपाशीची गंजी, रुईची खोली, गठाण बांधायचा प्रेस, गेट, सगळीकडे कॅमेरा, आणि प्रत्येक कॅमेऱ्यापासून ऑफिसपर्यंत जमिनीतल्या चरीतून लांबलचक केबल. मिल म्हणजे उडणारी रुई. ती कशावरही बसते, माणसांच्या भुवयांवरसुद्धा. चरीवरच्या फरशांच्या फटींतून ती आत जाते आणि थरावर थर साचते. त्याच चरीतून मोटारींची विजेची केबलही जाते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे त्याच फरशांवरून दिवसभर ये-जा करतात.

माझ्या दुसऱ्या वर्षी अशाच एका मिलमध्ये, नाव लिहीत नाही, ती मिल आता उरलेलीही नाही, सकाळच्या पाळीत चरीतून धूर आला. फरशी उचलेपर्यंत आग रुईच्या खोलीत पोचली. रुई सारायला असलेली एक बाई आतच राहिली. महिनाभर आधी नाना तिथे गेले होते. पडद्यावर त्यांना एका कॅमेऱ्याच्या चित्राच्या कडा मऊ वाटल्या होत्या, डोळ्याच्या सवयीनं. मॅनेजरला ते म्हणाले, केबल कुठेतरी तापतेय, चर उघडून बघा. मॅनेजर म्हणाला, "नाना, चित्र तर चकाचक आहे." नाना "बरं" म्हणाले आणि परत आले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पुढे कितीतरी वर्षांनी, सोल्डरिंगची सळई थंड व्हायची वाट बघताना. "बरं म्हणालो आणि बसमध्ये बसलो," ते म्हणाले. "माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं ना. नुसतं वाटत होतं."

त्या आगीनंतर त्यांनी ते डबे बनवले. काडेपेटीएवढा डबा, कॅमेरा आणि केबल यांच्या मधे बसणारा. कॅमेऱ्यातून येणाऱ्या ओळी तो मोजायचा, आणि सतरावी ओळ आली की तिच्यात नानांची पट्टी आणि नानांचा झुपका घालायचा; अठराव्या ओळीत काळ्यापांढऱ्या ठिपक्यांनी त्या कॅमेऱ्याचा नंबर. मग पुढचं चित्र जसं होतं तसं. दिवसभर, प्रत्येक चित्राच्या डोक्यावर, कोणाला न दिसता, ती खूण केबलमधून धावत राहायची. ऑफिसात केबलच्या टोकाला नाना आपली पेटी लावायचे: टेकडीवरचं मोडीत निघालेलं मोजणीचं यंत्र, हिरव्या गोल पडद्याचं, आठ किलो वजनाचं, ज्याच्यासाठी अक्कांनी गादीच्या जाड कापडाची पिशवी शिवली होती. शेजारच्या विजेच्या केबलनं तापून तापून कॅमेऱ्याची केबल आतून मऊ पडली की सगळ्यात आधी झुपका बसतो. दाट रेघा आधी जातात, मग विरळ. पट्टी शेवटपर्यंत उभी असते. आणि एक गोष्ट महत्त्वाची: मिलमधला रेकॉर्डर फक्त चित्र साठवतो, वरच्या ओळी टाकून देतो. म्हणजे ती खूण मागे कुठेच उरत नाही. ज्या क्षणी बघाल त्या क्षणी आहे, नाहीतर नाही. ती बघायची तर माणसानं पेटी घेऊन जायचं आणि कागदावर लिहायचं. म्हणून मी.

शिंदखेडा रस्त्यावरच्या मिलचे पहारेकरी सुपडूभाऊ यांना मात्र ती खूण बिनपेटीची दिसायची. त्यांच्या केबिनमधला, थेट केबलला जोडलेला पडदा इतका जुना होता की चित्र अर्धं बोट खाली घसरलेलं असायचं, आणि वरच्या काठाला अठराव्या ओळीचे ठिपके वळवळत असायचे. नाना गेटमधून आत आले की सुपडूभाऊ ओरडायचे, "या नाना! तुमन्या मुंग्या चालू शेतस, एक बी मरनी नही." नाना म्हणायचे, "साखर टाक त्यास्ले." एकदा शेठनी तो पडदा बदलायला काढला, तर सुपडूभाऊंनी बदलू दिला नाही. म्हणाले, मुंग्या दिसल्या म्हणजे नाना आहेत असं वाटतं.

आता माझी चूक.

नऊ मिल होत्या आणि सत्तेचाळीस कॅमेरे. आमचे फिटर महिन्यातून एकदा दुसरी, लहान पेटी घेऊन फेरी करत, आकडे आणत, आणि मी त्यांचं पान बनवत असे: मिल, कॅमेरा, तारीख, पट्टी, झुपका, नंबर दिसतो का, शेरा, सही. आठ रकाने. प्रत्येक मिलची दोन पानं व्हायची, आणि दुसरं पान हरवायचं. मिलवाले पहिलं पान फाइलला लावत आणि दुसऱ्यावर चहाचे कप ठेवत. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की एका मिलचं एकच पान. अक्षर बारीक केलं, शेरा छोटा केला, तरी शेवटचा रकाना पानाबाहेर जात होता. मी नानांना विचारलं, "झुपक्याचा रकाना काढू का? पट्टी शंभर असली म्हणजे चित्र चांगलंच असतं ना?" ते भिंगातून एक डबा बघत होते. "चित्र चांगलंच असतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग काढते. तरच बसतंय एका पानात." त्यांनी भिंग बाजूला केलं, माझ्याकडे बघितलं, छापून समोर ठेवलेल्या त्या स्वच्छ पानाकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं."

मी ते होकार म्हणून घेतलं. पान सगळ्यांना आवडलं. रकाना नाही म्हटल्यावर फिटरनीही झुपका मोजणं सोडलं; कोणीही सोडेल. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना नाना विचारायचे, "बठ्ठं बराबर शे?" आणि मी यादीवरून बोट फिरवून सांगायचे, "बठ्ठं बराबर." सगळं बरोबर आहे ना, हे आमचं कुलूप लावायच्या आधीचं बोलणं. त्याच सुमाराला त्यांचं गुरुवारचं जाणं सुरू झालं. सकाळी सातची एसटी, खांद्याला पिशवी, पिशवीत पेटी. सत्तरी ओलांडलेला माणूस आठ किलो वजन घेऊन अमळनेर, शिंदखेडा, धुळे करत फिरतो, याचा मला राग यायचा. मला वाटलं, म्हातारपणी घरात करमत नाही. जुन्या गिऱ्हाइकांकडे चहा प्यायला जातात आणि मान राहावा म्हणून पेटी नेतात. मी चिडवायचे, "काय नाना, लोकांचा गुरुवारी उपवास असतो, तुमची सहल!" ते म्हणायचे, "सहलच गं." एकदा म्हणाले, "तूही ये की." मी म्हटलं, "मग पानं कोण करणार?"

शेवटची भेट अठरा तारखेची, बुधवारची. कुलूप लागत होतं. त्यांनी नेहमीचं विचारलं, मी नेहमीचं उत्तर दिलं. पण ते पायरीवरून उतरले नाहीत. "मंदा," ते म्हणाले, "उद्या मी आल्यावर आपण तुझं ते पान घेऊन बसू. एक रकाना वाढवायचा आहे." मी घाईत होते. म्हटलं, "या महिन्याची पानं छापून झाली नाना, पुढच्या महिन्यात बघू." त्यांनी कुलूप ओढून बघितलं. मग "बरं" म्हणाले आणि गेले... मला आता त्या माणसाच्या प्रत्येक "बरं"ची भीती वाटते.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी त्यांचं टेबल आवरायला घेतलं. सामानाची यादी करायची होती: सुटे भाग एका बाजूला, दुरुस्तीला आलेलं दुसऱ्या बाजूला, अक्कांना द्यायचं तिसऱ्या. पेटी अमळनेरहून परत आली होती, तिच्या पिशवीच्या आतल्या खिशात एक छोटी डायरी निघाली. उघडली, आणि पहिल्या पानावरच मला माझा रकाना दिसला. मी काढून टाकलेला. फुटपट्टीने आखलेल्या रेघा, डाव्या बाजूला मिल आणि कॅमेरा, वर "झुपका", आणि खाली दोन वर्षांचे गुरुवार. एकही चुकलेला नाही. नऊ गुरुवारांत नऊ मिल, मग पुन्हा पहिलीपासून. जे मोजायचं मी थांबवलं होतं ते मोजायला तो माणूस दर आठवड्याला एसटीने जात होता.

मी खुर्चीत बसले आणि माझ्या फाइलमधली पानं त्या डायरीशेजारी ठेवून ओळीओळीने ताडून बघितली. शेहेचाळीस कॅमेरे ठीक. मग शिंदखेडा रस्त्यावरच्या मिलचा सहा नंबर, प्रेसवर रोखलेला. माझ्या पानावर पट्टी: शंभर, शंभर, अठ्ठ्याण्णव, एक्याण्णव, आणि मग पुन्हा शंभर, शंभर, शंभर. एक्याण्णव झाल्यावर मिलच्या वायरमननं मधे सिग्नल वाढवणारा बूस्टर बसवला होता. चित्र उजळलं, पट्टी उभी राहिली, आणि मी खूण केली: ठीक. डायरीत त्याच महिन्यांत झुपका: नव्वद, ब्याऐंशी, एकाहत्तर, साठ. बूस्टरनं त्याला काही फरक पडला नव्हता. साठ झाल्यावर नाना नऊ आठवड्यांची वाट बघत नव्हते, दर तिसऱ्या गुरुवारी त्याच मिलमध्ये जात होते. दसऱ्यापासून होळीपर्यंत आकडा उतरत गेलेला. होळीनंतर हंगाम संपून मिल बंद झाली आणि आकडा जिथल्या तिथे थांबला. त्याखाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: "प्रेसची मोटार चालते तेव्हाच ओळ आणखी बसते. जोड तपासले, डबा बदलला, कॅमेरा बदलला. खराबी मधल्या चरीत. विजेची केबल तापते आहे." आणि शेवटच्या पानावर, एकोणीस तारीख: "सहा नंबर, झुपका एकतीस. चर बंदच. शेठ भेटले नाहीत. मंदाला सांगणे."

अक्कांना मी डायरी दाखवली. विचारलं, मला का नाही बोलले? दोन वर्षं? त्या गव्हातले खडे वेचत होत्या. हात थांबला नाही. "तुझी पानं घरी आणून दाखवायचे मला," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, बघ, कसं धुतलेल्या धोतरासारखं पान करते पोरगी. मी म्हटलं, मग तिला सांगा ना, काय राहिलंय ते. तर म्हणे, आधी मोजून बघतो, नुसतं वाटतं म्हणून कसं सांगू." त्यांनी एक खडा वेचून वाटीत टाकला. "आगीतल्या त्या बाईपासून त्यांचं असंच होतं. हातात आकडा असल्याशिवाय बोलायचे नाहीत."

पुढच्या गुरुवारी सातच्या एसटीत मी होते. पेटी मांडीवर. आठ किलो काय असतं ते पारोळ्याच्या फाट्यापर्यंत कळलं, मांड्या बधिर झाल्या होत्या. सुपडूभाऊ गेटमध्ये उभे होते. पिशवी ओळखून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ऑफिसात मी नानांच्या डायरीत काढलेल्या आकृतीप्रमाणे पेटी लावली, सतरावी ओळ निवडली. हिरव्या पडद्यावर पट्टी ताठ उभी राहिली, छान, शंभर. तिच्याशेजारी जिथे झुपका हवा तिथे विरळ रेघांचे दोन थकलेले उंचवटे होते आणि त्यापुढे सपाट. मी तीन वेळा मोजलं. एकतीस.

शेठ माणूस वाईट नाही. नानांच्या तेराव्याला ते धुळ्याहून आले होते आणि पंगत उठेपर्यंत थांबले होते. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला, नानांची आठवण काढली. मग मी चर उघडा म्हटल्यावर त्यांनी कपाटातून फाइल काढली. माझी पानं होती, सगळी, एकाही पानावर चहाचा डाग नव्हता. "ताई, हे तुमचंच ना? सहा नंबर, शंभर. शंभर. शंभर. खाली सही तुमची. विम्याच्या साहेबांना मी हाच कागद दाखवला, ते म्हणाले असा टापटीप कागद बाकी कोणाकडे नाही. आणि आता तुम्ही डायरी घेऊन येता आणि म्हणता चर उघडा." त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. "तुम्हीच सांगा, यातलं खरं कोणतं धरू?"

मी म्हटलं, "शेठ, डायरी खरी. माझ्या पानात एक रकाना कमी आहे."

"कोणी कमी केला?"

"मी."

त्यांनी फाइल मिटली. मग मला खिडकीशी घेऊन गेले. अंगणात प्रेसपासून ऑफिसपर्यंत जिथे चरीवरच्या फरशा होत्या, तिथे आता काँक्रीटचा रुंद उतार केलेला होता, कपाशीच्या ट्रॅक्टरसाठी. मेमध्येच ओतलेला, अजून पांढरा. "हे फोडायचं म्हणता? दसऱ्याला काटापूजन आहे, खरेदी सुरू होईल. गाड्या इथूनच येणार." मी हो म्हटलं. ते म्हणाले, "दसरा होऊन जाऊ द्या. मग बघू." आणि मी ऐकलं, माझ्याच तोंडून "बरं" यायला लागलं होतं. ते मी गिळलं. मी म्हटलं, "नाही शेठ, आधी." ते हसले, दुःखानं हसल्यासारखे. "नाना पण शेवटी शेवटी असंच बोलायला लागले होते."

त्यानंतरची कामं मी इथे लिहिते. शेठना लेखी पत्र, पोच घेऊन: झालं. आधीची सगळी पानं रद्द केल्याचं पत्र, माझ्या सहीनं, नऊही मिलना आणि विम्याच्या साहेबांना: झालं. नव्या पानात झुपक्याचा रकाना, पानं दोन झाली तरी चालतील: झालं. फिटरना पुन्हा मोजायला शिकवणं: झालं. वायरमनला भेटून बूस्टर काढायला लावणं: झालं; त्यानं काढला आणि पट्टी सत्तरवर आली, चित्र काळवंडलं, तेव्हा शेठनी पहिल्यांदा फोन करून विचारलं की सहा नंबरला काय झालंय. मी म्हटलं, जे आधीपासून झालंय तेच. दोन दिवसांनी वायरमननं त्यांच्या सांगण्यावरून बूस्टर पुन्हा बसवला. चित्र चकाचक आहे.

परवा दुपारी सुपडूभाऊंचा फोन आला. वेळ लिहिली: दोन वाजून पाच. मिलमध्ये यंत्रांची चाचणी चालू होती, मागे प्रेसच्या मोटारीची घरघर ऐकू येत होती. "ताई," ते म्हणाले, "सकाळपासून मोटार चालू शे. सहा नंबरन्या मुंग्या आते दिसतस नहीत. नुसती राख फासेल शे वरला काठले." मी विचारलं, बाकीच्या? "बाकीन्या बठ्ठ्या शेतस." मग म्हणाले, "रुई सारायला बाया येवाले लाग्यात ताई. बावीस जणी. त्यास्ले काय सांगू?" मी सांगितलं, त्यांना प्रेसच्या बाजूला बसू देऊ नका, गेटच्या बाजूला बसवा, माझं नाव सांगा. ते म्हणाले, तुमचं नाव तिथे कोण ऐकणार, आणि मग स्वतःच म्हणाले, "सांगस मी."

नानांची पेटी आता माझ्या टेबलावर असते. पिशवीवर अक्कांनी दुकानाच्या नंबराखाली माझा नंबर शिवून दिला आहे, लाल दोऱ्यानं. सुरुवातीला ती बाजू मी भिंतीकडे फिरवून ठेवायचे, आता सवय झाली. संध्याकाळी कुलूप लावताना मी यादीवरून बोट फिरवते आणि एका ओळीशी थांबते. कोणी विचारायला नसतं, आणि मीही "बठ्ठं बराबर" म्हणत नाही. त्या मिलचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ज्यांची आहे ते वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, त्यांना कळेल. दसऱ्याला आठ दिवस आहेत, मधे एकच गुरुवार. सातच्या एसटीत मी असेन, आणि या वेळी सोबत काँक्रीट फोडणारी दोन माणसं आणि त्यांचं यंत्र सांगून ठेवलं आहे. शेठनी गेट उघडायला अजून होकार दिलेला नाही.

राहिलेलं काम एक: सहा नंबरची चर उघडणे.